राजीनाम्याआधी पडताळणी करा

मा. संपादक,

बायोडेटात वर्ष-सहा महिने वाढवून लिहिले तर कोण बघतो, असा समज पुण्याच्या आयटी क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या मुलांमध्ये अजून आहे. काही क्लासवाले तो जोपासतातही. प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे बोलीतले ‘बीजीव्ही’, बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. नोकरीचा कालावधी, पदनाम आणि पदवी हे सहसा तपासले जातेच. पण ही तपासणी केव्हा होते आणि तिच्यात कोण अडकते, याबद्दल फार कमी लिहिले जाते.

आधी खोट्या अनुभवाबद्दल. पैसे घेऊन अनुभव विकणारे ऑफर लेटर, पेस्लिपा, रिलीव्हिंग लेटर आणि फोन उचलणारा ‘एचआर’ असे सगळे पुरवतात. ते पकडायला फार हुशारी लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नोंदणीची तारीख दिसते. अनुभव २०१९ पासूनचा आणि कंपनी २०२१ साली जन्मलेली, अशी प्रकरणे तिथेच संपतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की कोणत्या महिन्यात किती जणांचा पीएफ भरला तेही कळते. फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला; त्याचा ‘अ’ भाग प्राप्तिकर खात्याच्या ट्रेसेस प्रणालीतूनच निघतो. उमेदवाराच्या २६एएसमध्ये, म्हणजे त्याच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, त्या मालकाने कापलेला टीडीएस नसेल तर कागद कितीही सुबक असो, उपयोग शून्य. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने भारतात अशा बनावट कंपन्यांची पत्रे देणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले होते. बाकीच्या बहुतेक कंपन्या गुपचूप राजीनामा घेतात. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, पण पोलिसांत जायची तसदी कोण घेणार? दुकाने चालू राहतात ती त्यामुळेच.

आमची खरी तक्रार पुढची आहे. या चाळणीत खोटे न लिहिणारेही अडकतात, आणि त्यांची कारणे ठरलेली आहेत.

सर्वांत जास्त घोळ थर्ड पार्टी पेरोलचा. मुलगा दोन वर्षे हिंजवडीतल्या बड्या कंपनीच्या इमारतीत बसतो, गळ्यात तिचेच ओळखपत्र असते, पण पगार मनुष्यबळ पुरवणारी कंपनी देते. बायोडेटात तो बड्या कंपनीचे नाव लिहितो. तिथल्या एचआरकडे विचारणा गेली की उत्तर येते, ‘आमच्या नोंदीत ही व्यक्ती नाही.’ अहवालावर लाल, म्हणजे तफावतीचा, शेरा. नियुक्तिपत्र ज्या कंपनीचे तिचे नाव वर आणि त्याखाली ‘ग्राहक कंपनी : अमुक’ अशी एक ओळ लिहिली असती तर हा प्रश्नच आला नसता.

दुसरा घोळ पीएफच्या तारखांचा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, २०१४ पासून आला आणि सगळ्या नोकऱ्या एका १२ आकडी क्रमांकाखाली दिसू लागल्या. जुन्या मालकाने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखे दिसते आणि ‘दुहेरी नोकरी’चा शेरा बसतो. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख सदस्याला स्वतः पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’ने आधारच्या ओटीपीवर भरता येते. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरावी. चुकली तर दुरुस्त करत बसणे कटकटीचे. उलट, पीएफची नोंदच नाही म्हणजे नोकरी खोटी, असेही नसते. पहिल्याच नोकरीत पीएफसाठी धरला जाणारा पगार १५,००० रुपयांच्या वर असेल तर पीएफ न कापण्याची मुभा आहे. अशांनी, आणि ज्यांची कंपनी कोविडकाळात बंद पडली त्यांनी, नियुक्तिपत्र, फॉर्म १६ आणि पगार जमा झालेली बँकेची पाने एकत्र जपून ठेवावीत. तपासणाऱ्याने तो पुरावा मानला पाहिजे. ‘ईमेलला उत्तर नाही’ म्हणून लाल शेरा मारणे हा निव्वळ आळस.

नावाचा गोंधळ तर खास आपल्याकडचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पुढे स्वतःचे, वडिलांचे आणि आईचेही नाव. आधारवर क्रम उलटा. लग्नानंतर पॅनवर सासरचे आडनाव. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत अर्जासोबतच जोडावी, कोणी मागायची वाट पाहू नये. पदवीचे वर्षही असेच. एटीकेटीचा शेवटचा विषय हिवाळी परीक्षेत सुटला आणि निकाल पुढच्या वर्षी लागला, तर उत्तीर्ण वर्ष पुढचेच. बॅचचे वर्ष लिहू नये. आणि ८ सीजीपीए म्हणजे ८० टक्के असे परस्पर ठरवू नये, एआयसीटीईच्या सूत्राने ते ७२.५ होतात. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर तोच लिहावा.

रेफरन्सबद्दल मात्र आमचे मत फारसे बरे नाही. उमेदवाराने दिलेल्या दोन नावांपैकी एक जिवलग मित्र असतो. जुन्या कंपनीचा एचआर तारखा, पदनाम आणि पुन्हा घेणार की नाही, यापलीकडे बोलत नाही. विचारणाराही ‘माणूस कसा आहे?’ एवढेच विचारतो, मग ‘चांगला आहे’ हेच कानी पडणार. ‘या प्रकल्पातला नेमका कोणता भाग त्याने केला, हाताखाली किती जण होते?’ असे विचारले तर टीमच्या कामावर स्वतःचे नाव लावणारा पाच मिनिटांत उघडा पडतो. ‘टीम लीड’ लिहिलेल्या बायोडेटातली खरी फुगवाफुगवी कागदांत सापडत नाही, ती इथेच सापडते.

आता वेळेचा मुद्दा. आज बहुतेक ठिकाणी ऑफर आधी, मग ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड, रुजू होणे आणि त्यानंतर कधीतरी अहवाल. तोवर जुनी नोकरी गेलेली असते. आधीच्या नोकऱ्या आणि पदवी यांची पडताळणी उमेदवाराने राजीनामा देण्यापूर्वी पूर्ण करता येते. त्यासाठी त्याची लेखी संमती आणि कागद ऑफरच्या वेळीच घ्यावेत. सध्याच्या मालकाला मात्र तो सुटेपर्यंत फोन जाता कामा नये. अहवालात तफावत निघाली तर ती नेमकी कोणत्या तारखेत किंवा कोणत्या कागदात आहे हे उमेदवाराला लेखी कळवून खुलाशासाठी किमान सात दिवस द्यावेत. ‘मॅनेजमेंट डिसिजन’ असे सांगून माणसाला दारातून परत पाठवणे बंद व्हावे.

— मनुष्यबळ विभागांत काम करणारे काही जण, पुणे