सुट्या सिगारेटची विक्री थांबवावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने धूम्रपान सोडण्याविषयी आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांपैकी बहुतेकांचा सूर असा होता की मनाचा निग्रह असला की व्यसन सुटते आणि तो नसला की सुटत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवणारा आणि पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतः सिगारेट सोडलेला माणूस म्हणून मला हे अर्धेच खरे वाटते. निग्रह लागतो, यात वाद नाही. परंतु सिगारेट सोडून पुन्हा तिच्याकडे वळलेली जी माणसे मी दुकानाच्या काउंटरवरून पाहिली, त्यांतली बरीचशी निग्रहाने सोडलेलीच होती; त्यांना परत ओढले ते कोपऱ्यावरच्या गल्ल्यावर, म्हणजे पानाच्या टपरीवर, मिळणाऱ्या एका सुट्या सिगारेटने.

आधी माझ्याबद्दल थोडे सांगतो. सकाळी शटर उघडावे, देवाला उदबत्ती लावावी, घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला माल बिलाशी ताडून घ्यावा, मग चहा यावा आणि चहाबरोबर पहिली सिगारेट पेटावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला होता. सोडायचे ठरवल्यावर मी प्रथम चहाची वेळ बदलली आणि तो दुकानात न मागवता घरूनच पिऊन येऊ लागलो. निकोटीनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, हे मला व्यवसायामुळे ठाऊक होते; पण ठाऊक असणे निराळे आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना औषधाचे नाव न आठवणे निराळे. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात मी मागच्या खोलीत जाऊन मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढत बसे, आणि त्या महिन्यात माझ्या दुकानातली फडताळे जितकी नीटनेटकी होती, तितकी नंतर कधीच राहिली नाहीत. घरात असे ठरले होते की मंडळींनी ‘आज ओढली का’ असे विचारायचे नाही, आणि ते सर्वांनी पाळले.

ज्या गोष्टी फारसे कोणी सांगत नाही, त्या मात्र लिहून ठेवतो. सिगारेट बंद केल्यावर काही आठवडे माझा खोकला कमी होण्याऐवजी वाढला. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस कफ वर ढकलणारे जे सूक्ष्म केस असतात, ते धुराने मंदावलेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि साठलेला कफ बाहेर पडू लागतो. ‘सोडल्यापासूनच तब्येत बिघडली’ असे म्हणत पुन्हा सिगारेट पेटवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या जवळच्यांनाही ते पटलेले असते. त्याच सुमारास बद्धकोष्ठ होते, झोप मोडते, चिडचिड होते, वजन चार-पाच किलो वाढू शकते. हे सगळे आधी सांगून ठेवले तर माणूस घाबरत नाही. अर्थात खोकला लांबला किंवा कफात रक्त दिसले, तर औषधविक्रेत्याकडे नव्हे, डॉक्टरांकडेच जावे.

निकोटीनच्या च्युइंगगमविषयी तर इतका गैरसमज आहे की त्याबद्दल वेगळे पत्र लिहावे. २ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. ‘काका, ती सिगारेट सोडायची गोळी द्या’ म्हणून तरुण मुले ती घेऊन जातात, पोरांच्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावतात, उचक्या लागल्या, घसा जळला, मळमळले, की ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून उरलेली पट्टी कचऱ्यात जाते. गोळी सावकाश चावायची, तोंडात चुणचुण सुरू झाली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून थांबायचे, चुणचुण ओसरली की पुन्हा थोडी चावायची, असे साधारण अर्धा तास करायचे असते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना कॉफी, लिंबाचे सरबत किंवा कोला घेऊ नये, कारण आंबट तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. माझ्या व्यवसायबंधूंनी ती काढावीत. आणि कोणी सिगारेटऐवजी मावा किंवा नुसती सुपारी धरत असेल तर त्यालाही थांबवावे, कारण माव्यात तंबाखू असतोच आणि सुपारी स्वतःदेखील कर्करोगास कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच नोंदवले आहे.

‘आता साठीत सोडून काय मिळवायचे?’ हा प्रश्न आमच्या वयाच्या मंडळींकडून हमखास येतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१पासून तेथील डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि मृत्यूंची जी दीर्घ पाहणी केली, तिचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४मध्ये प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सरासरी सुमारे ३ वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यास ६ आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यास ९ वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे त्यात दिसले. तीन वर्षे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

आता मूळ मुद्दा. नवरात्रात गरबा आटोपल्यावर मध्यरात्री मित्रांचे कोंडाळे गल्ल्यावर जमते. दोरीला बांधलेला लायटर तेथे लोंबकळत असतो, आणि कोणी तरी म्हणते, ‘एकच घे रे, सण आहे.’ दोन-दोन वर्षे सिगारेटला न शिवलेला माणूस तेथे एक घेतो. दुसऱ्या दिवशी तो अख्खे पाकीट विकत घ्यायला जात नाही, कारण पाकीट घेणे म्हणजे पुन्हा सुरू केल्याची कबुली देणे होय, आणि तेवढी लाज त्याला असते. तो पुन्हा एकच घेतो. ही लाज हीच त्याची शेवटची ढाल असते, आणि सुटी विक्री तिला वळसा घालून पुढे जाते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या खिशातही पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात.

याहून विचित्र बाब अशी की सरकारने ज्या सोयी केल्या आहेत, त्या सुटी सिगारेट घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो, आणि २०१८पासून त्यावर व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही छापला जातो. पण पाकीट राहते गल्लेवाल्याकडे. गिऱ्हाइकाच्या बोटांत येते ती कोरी पांढरी कांडी, तिच्यावर ना चित्र, ना क्रमांक. ज्याला त्या क्रमांकाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच तो दिसू नये, अशी ही व्यवस्था आहे.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेटच्या आणि विडीच्या विक्रीवर बंदी घातली. तेथेही सगळ्या टपऱ्या ती पाळतात असा माझा दावा नाही. परंतु नियमच नसला तर पोलिसाने किंवा महापालिकेच्या माणसाने बोलायचे कशाच्या आधारावर? गुजरात सरकारनेही तसाच स्पष्ट आदेश काढावा आणि बडोद्यापासून त्याच्या अंमलबजावणीस सुरुवात करावी. शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत, हा २००३च्या कायद्यातील नियमही त्याच वेळी तपासून घ्यावा. आणंदकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस चरोतर या भागातली तंबाखूची शेते लागतात आणि हंगामात खळ्यांवर तंबाखू वाळत पडलेला असतो, तेव्हा या पिकावर किती घरे चालतात याची मला जाणीव आहे. परंतु सुटी विक्री थांबल्याने त्या शेतकऱ्याचे पीक उद्या पडून राहील, असे कोणी म्हणू नये. चरोतरची तंबाखू मुख्यतः विडीची आहे आणि विडी तर बहुतांशी कट्ट्याने, म्हणजे बांधलेल्या जुडीनेच विकली जाते.

गल्लेवाल्यांशी माझे वैर नाही. माझ्या शेजारच्या गल्लेवाल्यास मी सांगून ठेवले आहे की मला उधारीवर वाटेल ते दे, सिगारेट देऊ नकोस. त्यानेही ते आजवर पाळले आहे. सगळ्यांना असा शेजारी मिळत नाही, म्हणून नियम हवा.

हे पत्र प्रसिद्ध केल्यास वर दिलेला दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता,
दांडिया बाजार, बडोदे