रोज प्रसिद्ध करा, रोज लिहू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एप्रिल जवळ आला की ब्लॉग लिहिणाऱ्यांत 'ए टू झेड'ची कुजबूज सुरू होते. आर्ली बर्ड या अमेरिकी ब्लॉगलेखकाने २०१० मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. रविवार सोडून रोज एक लेख, इंग्रजी वर्णमालेतल्या एकेका अक्षरावर, एकूण २६. आपल्याकडे ब्लॉगचॅटर या ब्लॉगलेखकांच्या भारतीय मंचामुळे तो पसरला आणि मराठीतही काही जण हौसेने नाव नोंदवतात. लहान मुलांचे आईबाबा त्यात बरेच असतात, आणि महिना संपायच्या आत गळणाऱ्यांतही तेच जास्त दिसतात. मग 'सातत्य नाही' असा शेरा मारून सगळे मोकळे होतात. खरी गोम कॅलेंडरात आहे.

राज्य मंडळाच्या शाळांत २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या होत्या. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष १ एप्रिलच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे पुस्तकं, कव्हरं, नवी बस, नवा डबा. या महिन्यात रोज रात्री कोरा कागद घेऊन बसायचं ठरवणाऱ्या पालकाचा घात पहिल्याच तापाच्या रात्री होतो. नियम रोज प्रसिद्ध करण्याचा आहे, रोज लिहिण्याचा नाही. निम्मे लेख, म्हणजे १३-१४, मार्चमध्येच पूर्ण तयार हवेत. लेख अडीचशे-तीनशे शब्दांपुढे नेऊ नये.

आता लिहिण्याचा क्रम. बहुतेक जण मार्चमध्ये उत्साहाने ए, बी, सी उरकतात आणि क्यू, एक्स, झेड 'नंतर बघू' म्हणून ठेवतात. २०२६ चा एप्रिल घ्या. चार रविवार वगळले की बरोबर २६ दिवस उरतात. त्यात क्यू येतो २० तारखेला, एक्स २८ ला आणि झेड ३० ला. म्हणजे सर्वांत अवघड अक्षरं नेमकी परीक्षेच्या आणि गावी जायच्या धावपळीत. म्हणून दोन्ही टोकांकडून लिहावं: आधी क्यू ते झेड, मग ए ते डी. मधली सोपी अक्षरं एप्रिलमध्ये हातासरशी होतात.

मुळात मराठी लेखासाठी इंग्रजी अक्षरांची कसरत करायचीच कशाला? आपल्या तक्त्यात क ते ज्ञ ३६ अक्षरं आहेत. ङ, ञ, ण, ळ यांनी शब्द सुरू होत नाहीत, ती गेली. उरलेल्या ३२ मधून ठ, ढ, झ, ष, क्ष, ज्ञ बाजूला काढली की राहतात नेमकी २६.

तांत्रिक बाजूकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच दिवस चुकतो. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या प्रणालीची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिली असेल तर सकाळी ६ चा ठरवलेला लेख आपल्याकडे साडेअकराला येतो. सेटिंगमध्ये कोलकाता निवडावं. स्वतःचं होस्टिंग (साइटसाठी स्वतः घेतलेली सर्व्हरवरची जागा) असेल तर आणखी एक मेख आहे: कुणी साइट उघडल्याशिवाय वेळ लावलेला लेख सहसा बाहेरच पडत नाही. कमी वाचकांच्या ब्लॉगवर तो तासन्‌तास अडकून बसतो. त्या वेळी फोनवरून स्वतः एकदा साइट उघडली की बहुतेकदा काम होतं. देवनागरी शीर्षकावरून बनणारा लेखाचा वेब-पत्ता वेगळाच त्रास देतो. गूगलची 'ब्लॉगर' ही सेवा पत्त्यातली देवनागरी अक्षरं गाळते, त्यामुळे सगळ्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असे निघतात. वर्डप्रेसमध्ये एकेका अक्षर-मात्रेची नऊ चिन्हं होतात आणि दोनशेच्या मर्यादेत बाविसाव्या अक्षर-मात्रेपाशी पत्ता तुटतो. प्रसिद्ध करण्याआधीच रोमन लिपीत छोटा पत्ता हाताने घालावा. बोलून टंकलेखन करत असाल तर विरामचिन्हं आणि 'ऱ्या' पुन्हा तपासावे लागतात. मूल झोपवताना कुजबुजून सांगितलेला मजकूर तर हमखास बिघडतो.

सर्वांत नाजूक भाग मुलांचा. विषय आटला की हात मुलाकडे वळतो, कारण तो समोर असतो आणि त्याचा फोटो तयार असतो. गणवेशाचा बिल्ला, दप्तराला अडकवलेलं ओळखपत्र, मागे व्हॅनवर रंगवलेलं शाळेचं नाव, आणि लेखात 'रोज साडेपाचला मैदानावर' असं एक वाक्य. एवढ्यावर मूल कधी कुठे सापडेल हे अनोळखी माणसाला कळतं. फोनच्या मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. चढवण्याआधी ते काढून टाकावेत, किंवा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. इथे मात्र संमती देणारा आणि लेख छापायला उतावीळ झालेला माणूस एकच. दहा वर्षांवरच्या मुलाला मजकूर आधी वाचून दाखवावा आणि तो 'नको' म्हणाला तर काढावा. तापाचे, मार्कांचे, अंथरूण ओलं झाल्याचे किस्से तर कुठल्याच वयात नकोत.

मराठीत असे उपक्रम चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. नोंदणी करतानाच २६ विषयांची यादी आणि पाच तयार लेख मागावेत, आणि शक्य असेल तर महिना बदलावा. जुलैमध्ये शाळा रुळलेली असते आणि वार्षिक परीक्षा दूर असते. २०२६ च्या जुलैमध्ये चार रविवार वगळून २७ दिवस मिळतात, म्हणजे एक दिवस आजारपणाला राखीव ठेवता येतो.

आपला,
एक ब्लॉगलेखक पालक, नाशिक