खारपाणपट्ट्यातील घरसफाई आणि सुटे अ‍ॅसिड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की आमच्याकडच्या आठवडी बाजारात फरशीसाठी एक, संडासासाठी दुसरी, भांड्यांसाठी तिसरी अशा रंगीत बाटल्यांची दुकाने लागतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आम्हा गृहिणींची अडचण मात्र मुळात पाण्याची आहे, आणि ती ओळखून खरेदी केल्यास चार-पाच स्वस्त वस्तूंत घर स्वच्छ राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका धरतात आणि तोच कपड्यांवर व न्हाणीघराच्या फरशीवर बसतो. अशा वेळी साबण वाढवत जाण्यापेक्षा बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला, तर ते क्षार वेगळे होऊन कमी साबणात काम भागते. हाच सोडा गरम पाण्यात घालून ओट्यावरचा तेलकट थर निघतो, फक्त जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यांना तो लावू नये, कारण ती काळी पडतात. कूलरच्या पंपावर, नळाच्या तोट्यांवर आणि पाणी तापवण्याच्या पातेल्यात जमणारा पांढरा थर बहुतांशी चुन्याचा असतो; किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) कोमट पाण्यात घालून तो भिजत ठेवला की सुटतो. तांब्या-पितळेसाठी चिंच-मीठ आहेच. अलीकडे मोबाइलवरील चित्रफिती पाहून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फरशी पुसण्याची टूम निघाली आहे. त्यात फसफस भरपूर दिसते, परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांचा गुण मारतात आणि हाती उरते ते खारट पाणी, ज्याचा आमच्या भागात मुळीच तुटवडा नाही.

खरी चिंता वाटते ती संडास-फरशी धुण्यासाठी आणल्या जाणाऱ्या सुट्या अ‍ॅसिडची. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत, कोणतीही चिठ्ठी न लावता ते विकले जाते आणि घरी आल्यावर ती बाटली पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली जाते. तहानलेल्या लेकराला त्यातला फरक कसा कळावा? शिवाय शहाबादी व कोटा फरशी हा चुनखडीचाच दगड असल्याने अ‍ॅसिडने तो स्वच्छ होत नाही, झिजतो. त्याहून घातक म्हणजे संडासात ब्लीचिंग पावडर टाकल्यावर त्यावरच अ‍ॅसिड ओतणे. या दोहोंच्या संयोगाने क्लोरिन वायू सुटतो आणि बंद, लहान जागेत तो श्वास कोंडतो. तसे झालेच तर सफाई तिथेच टाकून आधी मोकळ्या हवेत यावे. चुकून कोणाच्या पोटात अ‍ॅसिड गेले, तर उलटी करवू नये व थेट दवाखाना गाठावा. ब्लीचिंग पावडर मात्र घरी जरूर ठेवावी. ग्रामपंचायत पाणी शुद्ध करण्यासाठी जी टीसीएल वापरते, ती हीच. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, थोडीच ठेवावी, कारण दमट हवेत तिचा जोर ओसरतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यांत फिनेल भरण्याची सवयही कापूस पिकवणाऱ्या घरांनी सोडायला हवी.

अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातले आहेत. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, खरेदीदाराचे ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते विकू नये, असा आदेश आहे. आमच्या बाजारात यांपैकी काहीही होताना दिसत नाही. जिल्हा प्रशासनाने दिवाळीपूर्वीच्या आठवडी बाजारांत या विक्रीची तपासणी करावी आणि ग्रामपंचायतींनी विक्रेत्यांना ग्रामसभेत बोलावून निदान शीतपेयाच्या बाटल्यांतील विक्री तत्काळ बंद करावी, ही विनंती.

आपली,
एक गृहिणी वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती