वहिनीसाठी, आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. न.

आई, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, नववा तरी लागू दे," असं तू फोनवर सारखं म्हणत होतीस. ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे, पण ती खरी नाही. बाळ पोटात जितकं जास्त राहतं, तितकी त्याची फुप्फुसं पक्की होतात. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच तग धरतं. आमच्या प्रसूती वॉर्डात मी हे रोज बघते.

पण वहिनीला 33 आठवड्यांतच 170/112 बीपी आहे, लघवीतून प्रथिनं जाताहेत, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. गरोदरपणातल्या या दुखण्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. यातून झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. दुखण्याचं मूळ वारेत आहे, म्हणून बाळ आणि वार बाहेर आल्याशिवाय ते हटत नाही. औषधांनी फक्त वेळ मिळतो. त्या वेळात बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आहेत. सगळं आटोक्यात राहिलं तर डॉक्टर 34 आठवड्यांपर्यंत थांबतील. नाही राहिलं, तर लगेच सिझर करावं लागेल. तेव्हा दादाला सही करू द्या, अडवू नका.

मॅग्नेशियमच्या इंजेक्शनने तिच्या अंगाची आग होते, हे बघवत नाही, मला कळतं. पण झटके रोखायला त्याच्याइतकं खात्रीचं औषध नाही. 2002 साली 10,000 हून जास्त बायकांवरचा मॅग्पाय नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी बघतात, ते औषध अंगात जास्त साठू नये म्हणून.

बाबा, तुमची बीपीची गोळी टेलमिसार्टन तिला चालणार नाही, ती पोटातल्या बाळाच्या किडनीला घातक आहे. आणि बीपी अजून 120 वर का येत नाही म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. ते एकदम उतरवलं तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं.

आई, जागरण, मोबाईल, लोणचं यांतलं काही वहिनीसमोर काढू नकोस. तिच्या हातून काही चुकलेलं नाही. तिला हे तुझ्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार बरं वाटेल.

बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात. मॅग्नेशियम त्यानंतर साधारण 24 तास चालू ठेवतात. घरी आल्यावर बाबांच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ तिचं बीपी बघा. 150/100 झालं तर डॉक्टरांना फोन, 160/110 झालं तर थेट हॉस्पिटल. गाडी नसेल तर 108 ला कळवा. डोकं दुखलं म्हणून बाम, छातीखाली दुखलं म्हणून ओवा, असं करत बसू नका. बारशाची तारीख एवढ्यात काढू नका. सुट्टी मंजूर झाली की मी निघतेच.

तुमची,
धाकटी