सोमवारी सहीला येणार नाही, म्हणून हे पत्र

आई, अण्णा, नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की मला रडू येतं आणि अण्णा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहायला बसले. आईच्या मोबाईलवर पाठवतेय, अक्षर मोठं करून वाचा. चष्मा फ्रीजवर असेल.

सोमवारी मी औशाला हक्कसोडीवर, म्हणजे शेतातला माझा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करायला येणार नाही. तुम्हाला भेटायला कधीपण येईन, पण सही नाही करणार. ठरलंय माझं. लगेच रागावू नका, सगळं वाचा आधी.

मला शेतातलं काही नको. सोयाबीनचं एक कट्टं नको, तुरीची डाळ आई दरवर्षी देते तेवढी लई झाली. बारक्यानं पेरावं, बारक्यानं विकावं, पैसे त्याचेच. पीककर्जाला माझी सही लागली तर पुण्याहून रात्रीची गाडी पकडून येईन, कुरकुर न करता, हवं तर तसं लिहून देते. फक्त तुमच्यानंतर (हे लिहिताना दोनदा खोडलं बघा, तुम्ही शंभर वर्षं जगा) सातबाऱ्यावर बारक्याच्या खाली माझंपण नाव लागू द्या. बास.

हे कायद्यात आहे म्हणून म्हणत नाहीये. कायदा तर आपल्याकडं 1994 लाच आला होता, आपण पत्र्याच्या शेडात राहायचो तेव्हा, मग 2005 ला सगळ्या देशात, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोरीचा हक्क जन्मल्यापासूनचा. पण अण्णा, 1993 च्या भूकंपाच्या त्या रात्री तुम्हाला कुठला कायदा माहीत होता? एका काखेत बारक्या, एका काखेत मी, दोघांना एकदमच बाहेर आणलं तुम्ही. माझं फ्रॉक कुठंतरी अडकून फाटलं होतं, तर तुम्ही सकाळी त्याचीच माफी मागत होता.

तुम्ही म्हणता तुझ्या लग्नात ओढ्याकडचं एकर गेलं. गेलं, मान्य. पण ते माझ्या हातात कुठं आलं, ते तर त्यांच्या घरी गेलं आणि मी तेव्हा मान खाली घालून बसले, "हुंडा देऊ नका" म्हणायची हिंमत झाली नाही, ती चूक माझीच. तीच चूक परत नाही करायची.

आणि आई, तू तर बोलूच नको. मामाला सही दिलीस त्या दिवशी मामीनं नेसवलेली जरीची साडी अजून ट्रंकेत आहे, घडी मोडली नाहीस. का ते मी कधी विचारलं नाही, आताही नाही विचारत.

"बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं" असं आत्या म्हणाली म्हणे. माझं तुटणार नाही, मी तोडूच देणार नाही, येळवसेच्या सणाला शेतात कोपीसमोर बसून आंबील प्यायला मी येणारच, बारक्यानं तोंड फिरवलं तरी भज्जी त्याच्याच ताटातली खाणार. त्याला रोडलगतचं विकून लातूरला घर बांधायचंय, मला कळतं. घरासाठी माझ्याकडून होईल तेवढे पैसे देईन की, पण शेत विकू नका. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आपली बोअर आटली, जनावरं चारा छावणीत, तेव्हासुद्धा अण्णा तुम्ही इंचभर विकली नाही.

असो, लई लिहिलं.

आता ऐका. रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला अण्णांनी जायचं नाही, अजिबात नाही, अंधारात विंचूकाटा. बारक्याला म्हणावं मोटारीला ऑटो स्टार्टर बसव. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, डोळ्यात थेंब टाकलेस की लगेच चुलीपुढं बसू नको, सूनबाईला करू दे, तिच्या हातच्या भाकरी तुझ्यापेक्षा पातळ होतात हे तूच सांगितलंस मला, तिला मात्र कधी सांगितलं नाहीस. गुडघ्याचा पट्टा शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतेय, सोबत अण्णांचा स्वेटर आणि पोरांचे रंग. बारक्याला स्टँडवर घ्यायला पाठवा. तो नाही गेला तर मला कळवा, मी त्याला फोन करते. उचलेल तो. मोठ्या बहिणीचा फोन आहे, न उचलून सांगतो कुणाला.

तुमची,
ताई