नकाशा आधी सिस्टरला दाखवा

महोदय,

परिचारिकांना निर्णयप्रक्रियेत स्थान द्यावे, हे कालचे संपादकीय वाचले. मुद्दा योग्यच, पण 'सूचना मागवाव्यात' एवढ्यावरच ते थांबले, याचा राग आला. सूचना आम्ही नोकरीभर दिल्या. त्या फायलीला लागल्या आणि तिथेच राहिल्या.

मी सरकारी रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, होते. आमच्या मेडिसिन वॉर्डाचे नूतनीकरण निघाले तेव्हा नकाशा अधिष्ठात्यांनी पाहिला, बांधकामवाल्यांनी पाहिला. चोवीस तास वॉर्ड सांभाळणाऱ्या आम्हाला तो कळला भिंत उभी राहिल्यावर! सिस्टरांचे टेबल मधून उचलून दाराशी, औषधांच्या कपाटाआड नेले होते. तिथून मागच्या रांगेतल्या खाटा दिसेनात. अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) लेखी कळवले, तर 'आता कामाचे बिल निघाले' असे उत्तर. पुढे एका नाइटला त्याच रांगेतले आजोबा लघवीला म्हणून सलाइनच्या स्टँडसकट उठले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. ड्युटीवर एकच सिस्टर, तीही दुसऱ्या टोकाला एका पेशंटला रक्त लावत होती. 'कारणे दाखवा' नोटीस तिलाच आली. खुलासा तिने माझ्यासमोर बसून लिहिला. 'टेबलावरून खाट दिसत नाही' हे वाक्य तिला वरून खोडायला लावले. नकाशावर सह्या करणाऱ्यांना कोणी अवाक्षराने विचारले नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक परिचारिका असे आहे. प्रत्यक्षातली स्थिती सर्वांना ठाऊक आहे. पण वॉर्डात गंभीर रुग्ण वाढले तर जादा माणूस मिळवण्यासाठी अधिसेविकांनाही आर्जवच करावे लागत असे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा 2023 चा कायदा मुख्यतः शिक्षण, सेवेची मानके आणि नोंदणी यांबद्दल. वॉर्डाचे काय? बांधकामाच्या आणि खरेदीच्या बैठकीत परिचारिकेला मत हवे, आणि तिच्या लेखी हरकतीला उत्तर दिल्याशिवाय बिल निघता कामा नये.

आणखी एक. मे 2022 मध्ये बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा आपल्या अंकात मथळा होता 'रुग्णांचे हाल'. अख्खा वॉर्ड रात्रभर एका सिस्टरवर सोडला जातो, तेव्हा हाल होत नाहीत का? एखाद्या नाइटलाही वार्ताहर पाठवा.

एक निवृत्त परिसेविका, पुणे