आई-बाबा, जूनमध्ये तंबूत राहायला येताय ना?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "चांगलं घर असताना जंगलात जाऊन झोपायचं, वर त्याचे पैसे भरायचे, हे काय खूळ?" त्या वेळी मागे मुलांचं भांडण चाललं होतं आणि तंबू अंगणात वाळत घालायचा होता, त्यामुळे नीट उत्तर देता आलं नाही. बाबांनी फोटो बघून "तळं केवढं, साठा किती?" विचारलं, तेही राहिलं. म्हणून सविस्तर लिहितेय. लिहिण्यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. पुढच्या मे महिन्यात तुम्ही इकडे अमेरिकेत याल, तेव्हा जूनअखेर चार दिवस तुम्हाला लेक टाहोजवळ तंबूत राहायला न्यायचंय. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण सगळं वाचून मग म्हणा.

आधी बाबांचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर शोधताना मलाच मजा आली. लेक टाहो हे तळं कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या दोन राज्यांच्या हद्दीवर, सिएरा नेव्हाडाच्या डोंगरांत आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण १,८९७ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपला सगळ्यांत उंच माथा जिथे संपतो, त्याच्याही अडीचशे मीटर वर हे पाणी. लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९, आणि सगळ्यांत खोल जागी ५०१ मीटर. इकडची पुस्तकं साठा एकर-फुटात देतात. तो मी तुमच्यासाठी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, करून घेतला, तर आकडा आला सुमारे ५,३००. कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे पन्नास कोयना! खरं वाटेना म्हणून गुणाकार परत करून पाहिला, समीरलाही करायला लावला.

खरी गंमत पुढे आहे. तळं नैसर्गिक आहे. जमीन खचून खोलगट भाग झाला आणि उत्तरेकडचं तोंड ज्वालामुखीच्या लाव्ह्याने अडवलं. ६३ ओढे-नद्या आत येतात आणि बाहेर जाते एकटी ट्रकी नदी. ती समुद्राला मिळतच नाही, नेव्हाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये जाऊन संपते. जिथून ती निघते तिथे एक बंधारा आहे, १९१३ साली पूर्ण झालेला. उंची १८ फूट, लांबी १०९ फूट, दारं १७. कोयनेच्या १०३ मीटर उंच भिंतीखाली नोकरीची वर्षं काढलेला माणूस त्याला धरण म्हणणार नाही. पण तळ्याचा पसारा एवढा, की वरच्या जेमतेम सहा फुटांत हा बंधारा ३२ टीएमसी पाणी अडवतो. म्हणजे जवळजवळ चांदोली धरण भरलं! तुम्हाला तिथे उभं करून तुमचा चेहरा बघायचाय मला. पुलावरून दारं सरळ दिसतात, आणि "इथे फोटो काढायला मनाई आहे" असं म्हणायला कुणी शिट्टी घेऊन येत नाही.

आम्ही राहतो ते मात्र खुद्द टाहोच्या काठावर नाही. त्याला लागूनच फॉलन लीफ नावाचं छोटं तळं आहे, हिमनदीने कोरलेलं, आणि या दोन तळ्यांच्या मधल्या झाडीत वनखात्याचं कॅम्पग्राउंड आहे. दोनशेच्या वर जागा. प्रत्येक जागेला आकडा, गाडी लावायला पट्टा, एक जाड लाकडी टेबल, जाळासाठी लोखंडी कडं आणि एक लोखंडी कपाट. तंबू आपला आपण ठोकायचा.

आई, तंबूत राहणं तुला नवीन आहे हे मी ऐकून घेणार नाही. लोणंद ते फलटण दिंडीबरोबर तू चालली होतीस, तेव्हा राहुटीत वीस बायकांत झोपून, पहाटे टँकरच्या पाण्याने अंघोळ करून आलीस आणि पुढे आठवडाभर त्याचंच कौतुक सांगत होतीस. इथे निदान फ्लशचे संडास आहेत आणि पैसे भरले की अंघोळीला गरम पाणी मिळतं. आणि म्हणतेस तसं हे शहरी लोकांचं नवं खूळही नाही. वाशो नावाचे इथले मूळ लोक हजारो वर्षं हेच करत आले. थंडीत खालच्या खोऱ्यांत राहायचं आणि उन्हाळा लागला की कुटुंबंच्या कुटुंबं मासे धरायला, मुळं-बिया गोळा करायला तळ्याकाठी वर यायची. पुढे चांदीच्या खाणींना टेकू हवेत म्हणून एकोणिसाव्या शतकात इथलं जंगल जवळजवळ साफ तोडलं गेलं. आज सावली देतात ती बहुतेक झाडं त्यानंतर वाढलेली. त्यांतल्या जेफ्री पाइनच्या सालीला नाक लावलं की व्हॅनिलाचा वास येतो. मुक्ता येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून झाडाचा वास घ्यायला लावते, तुमचीही सुटका नाही.

आता लोखंडी कपाटाबद्दल, कारण त्यावरून आईशी वाद होणार हे मला आत्ताच दिसतंय. ते अस्वलांसाठी आहे, म्हणजे अस्वलांना उघडता येऊ नये म्हणून. इकडची अस्वलं जातीने काळी, पण रंगाने बरीचशी तपकिरी. माणसावर सहसा चालून येत नाहीत, खाण्यावर मात्र डोळा. म्हणून ज्याला वास आहे ते सगळं त्या कपाटात. फक्त जेवण नाही: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, बाबांचं अमृतांजन, तुझ्या पिशवीतल्या लवंगा, सुपारी, उदबत्ती, सगळं. उशाशी बडीशेपेची डबी ठेवायची नाही. गाडीतही ठेवायचं नाही, अस्वल दाराची कडी उघडतं, नाही उघडली तर काच फोडतं. या खेपेला पलीकडच्या जागेतल्या मंडळींनी बर्फ घातलेला खाण्याचा डबा टेबलावरच सोडला होता. रात्री खडबड ऐकू आली, मग कुणीतरी पातेली बडवली, ओरडाआरडा झाला आणि अस्वल बार्बेक्यूची पाकिटं घेऊन निवांत चालत गेलं. आम्ही तंबूच्या जाळीतून त्याची पाठच पाहिली. छोटू सकाळी सगळ्यांना सांगत फिरला की आपण हात लावण्याइतक्या अंतरावर होतो. तुम्हालाही तो तसंच सांगेल, अर्ध्यावर विश्वास ठेवा.

अस्वलापेक्षा जास्त त्रास निळ्या पाखरांचा. डोक्यावर काळा तुरा, अंग गर्द निळं, आवाज कर्कश. स्टेलर्स जे म्हणतात. थालीपीठ तव्यावरून ताटात टाकलं, लोण्याचा डबा घ्यायला वळले, तेवढ्यात एकाने कडेचा तुकडा तोडून नेला आणि फांदीवर बसून मला दाखवत खाल्ला.

स्वयंपाकाचं विचारलंस म्हणून सांगते. एवढ्या उंचीवर पाणी शंभर अंशांवर नाही, ९३-९४ अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटली तरी तूर तशीच टचटचीत. म्हणून कुकर नेतोच, आणि घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त देतो. पहिली शिट्टी झाली तेव्हा आजूबाजूच्या चार तंबूंतून माना बाहेर आल्या. शेजारची एक आजी हातातलं विणकाम ठेवून बघायला आली, "हे फुटणार तर नाही ना?" विचारून लांब उभी राहिली आणि शेवटी वरण-भात-तूप-लिंबू खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला आगीवर भाजलेली मक्याची कणसं दिली, सालासकट. मीठ-तिखट-लिंबू लावलेल्या आपल्या कणसापुढे ती फिकीच, पण हे तिला सांगितलं नाही.

जाळाचं मात्र कडक आहे आणि असायलाच हवं. २०२१ मध्ये कॅल्डॉर नावाचा वणवा पेटला, दोन लाख एकरांहून जास्त जंगल गेलं आणि ऑगस्टअखेर साउथ लेक टाहो हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. आम्ही घरून, फ्रीमाँटहून, ज्या रस्त्याने जातो त्याच्या कडेला अजून काळे खांबच्या खांब उभे दिसतात. बोलता बोलता गाडीत सगळे गप्प होतात तिथे. त्यामुळे जाळ फक्त त्या लोखंडी कड्यात, तोही परवानगी असेल तेव्हाच. लाकूड तिथलंच विकत घ्यायचं, घरून न्यायचं नाही, कारण लाकडातून झाडं पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. झोपण्याआधी पाणी ओतायचं, राख ढवळायची, परत ओतायचं आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायची. हे काम छोटूकडे आहे. तो ते इतक्या गंभीरपणे करतो की त्याला एक खाकी टोपी घेऊन द्यावी म्हणतेय.

आता तुमच्या अडचणी. लपवून काही सांगत नाही. धूळ फार. बारीक राखाडी धूळ, पायांवर, पांघरुणात, चहात. जूनमध्ये डास असतात, ओडोमॉस तिकडूनच आण, इथलं मला आवडत नाही. रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. तळ्याचं पाणी तेव्हा बर्फ वितळून आलेलं असतं. बाबा, कृष्णेत पोहलो म्हणून इथे उडी मारायची नाही. अशा पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. मुलंसुद्धा लाइफ जॅकेट घालून गुडघाभर पाण्यातच खेळतात. कऱ्हाडपेक्षा उंची बरीच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी दम लागेल, डोकं थोडं जड होईल. पाणी भरपूर प्यायचं आणि निवांत बसायचं. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घ्या, उंचीचा आकडा वर दिलाच आहे.

आईच्या गुडघ्यांचा विचार मी सगळ्यांत जास्त केलाय. जमिनीवर झोपून उठणं तुला जमणार नाही, ते मी मागणारही नाही. तिथे तंबूंबरोबर काही यर्टही भाड्याने मिळतात. गोल खोली, भिंती कापडी पण जमीन लाकडी, आत पलंग. तुम्ही दोघं त्यात, आम्ही शेजारी तंबूत. जागाही संडासाजवळची बघून घेईन. डोक्याला बांधायची बॅटरी तुझ्यासाठी आणून ठेवलीये, समईपेक्षा उजेड बरा पडतो.

जूनच का, तेही सांगते. ऑगस्टमध्ये गर्दी उसळते, गाडी लावायला जागा नाही आणि कुठे ना कुठे वणवा लागला की धुराने घसा धरतो. सप्टेंबरअखेर सगळ्यांत सुंदर म्हणतात. तेव्हा शेजारच्या टेलर क्रीकमध्ये कोकॅनी जातीचे लालबुंद सामन मासे अंडी घालायला वर चढू लागतात. पण मुलांची शाळा असते आणि आईचा गौरी-गणपती, पितृपंधरवडा यांतून पाय निघत नाही. जूनअखेर मुलांना सुट्टी असते आणि समोरच्या टालॅक डोंगरावर बर्फ शिल्लक असतं. त्या बर्फाचा डोंगराच्या अंगावर क्रॉस दिसतो, तो बघायला लोक मुद्दाम थांबतात.

आम्हाला तुम्ही कोयनानगरला न्यायचात, विश्रामगृहात दोन खोल्या, बामणोलीहून वासोट्याला लाँच, आणि लाँचमध्ये बसून बाबा हाताने दाखवायचे की या पाण्याखाली कुठलं गाव होतं. तेव्हा आम्हाला कंटाळा यायचा, दादा तर झोपायचा. मुक्ताला आता तळ्यांबद्दल इतके प्रश्न असतात की माझ्याकडची उत्तरं संपतात. तुमच्याकडे आहेत. फोनवर ते होत नाही, बाबा. फोनवर तुम्ही "बरं आहे, जेवलीस का" एवढंच बोलता.

तर काम असं. इथलं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता जातात. जूनअखेरसाठी मला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेपासून संगणकापुढे बसावं लागेल, म्हणून दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळवा. "बघू" चालणार नाही. बाबांचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, तो आधी नूतनीकरणाला टाका, एजंटला फुकट पैसे देऊ नका, दादाला ऑनलाइन अर्ज भरायला सांगा. आणि आई, येताना भाजणी दोन किलो आण. एक किलो ती पाखरंच खातील.

तुमची,
अनू